चहानंतरचा प्रश्न

श्रीरामपूरच्या वाचनालयात प्राध्यापक वर्तकांचं व्याख्यान ऐन रंगात आलं होतं. विषय होता मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा धर्मग्रंथ.

"दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अमेरिकन शेतकरी पोराला देव वगैरे काही सांगत नव्हता. त्यानं मनानंच गोष्ट रचली आणि बायकोला, मित्राला लिहून घ्यायला बसवलं. पाचशे पानं! आहे कुणाकडे उत्तर?"

वाचनालयात चहा करणाऱ्या एस्तेरबाई त्याच पंथाच्या. त्यांची मुलगी रूथ समोरच बसली होती. सकाळीच ती म्हणाली होती, "आई, सरांचं ऐकते, मग ठरवते, तुझ्याबरोबर प्रार्थनेला यायचं की नाही."

सर बोलतच होते. एस्तेरबाईंनी भर वाक्यात कप पुढे केला.

"सर, निवतोय. आधी घ्या."

लोक हसले. सरांनी चहा घेतला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "हं, कुठवर आलो होतो मी?"

"हेच उत्तर, सर," एस्तेरबाई हळूच म्हणाल्या. "बारा वर्षं इथं चहा देतेय. मनानं रचून बोलणारा प्रत्येक वक्ता चहानंतर हेच विचारतो. तो शेतकरी पोरगा मात्र लिहून घेणं थांबवून जेवून यायचा आणि मागचं वाचून न घेता पुढचं वाक्य सांगायला लागायचा."

सरांनी कप खाली ठेवला. "कधीच विचारलं नाही?"

"त्याची बायको स्वतः लिहून घ्यायची, सर. तीच सांगून गेलीय, नाही."

"पाचशे पानं..." सर स्वतःशीच पुटपुटले.

रूथनं आईच्या हातातला ट्रे घेतला. "आई, रविवारी किती वाजता निघायचं?"