सुतारकाकांनी दुकान बंद केलं तेव्हा

पाखरं घरटी विकत घेत, त्या काळची गोष्ट. एके सकाळी ढोल्या कोरणाऱ्या सुतारपक्ष्यानं जाहीर केलं, "चोच थकली, दुकान बंद!"

पानं शिवून घरटी करणारा शिंपी पक्षी हर्षानं ओरडला, "भिंगरीबाई, आता सगळं गिऱ्हाईक आपलं!" मातीची घरटी बांधणारी भिंगरी लगेच चिखल आणायला सुटली. संध्याकाळपर्यंत दोघांनी घरट्यांच्या रांगा लावल्या.

दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलंच नाही! अखेर एक चिमणी आली. "सुतारकाका कुठायत? मागच्या खेपेला त्यांनीच मला तुमच्याकडे धाडलं. म्हणाले, ढोलीत तुझा जीव घुसमटेल, शिंप्याकडे जा. कुठलं घरटं घ्यावं, ते आम्ही सगळे त्यांनाच विचारायचो. आता कुणाला विचारू?"

शिंपी आणि भिंगरी धापा टाकत सुतारपक्ष्याकडे पोचले.

"काका, चोचीला खुशाल विश्रांती द्या, पण दुकान उघडा!"