दोन मामांचं जावळ

लंका आन अंजिरा, दोघी बायांनी एकमेकींसंगं संसार मांडलेला, दोघींची एक लेक कस्तुरी. पोरीचं जावळ काढायला आपापल्या भावाला घेऊन भैरोबाच्या देवळात गेल्या, तर पंच दौलतराव दारातच आडवा झाला. "हिला बाप न्हाई. हितं जावळ निघायचं न्हाई!"

लंकेचं डोस्कंच फिरलं. "पंच, जावळाला बाप कवापासनं लागाय लागला? मांडी लागती मामाची. हिला आया दोन, म्हंजे मामाबी दोन. ते बघा, मांडीवर कुणी घ्यायचं म्हणून भांडत्यात! तुमच्या नातवाला एकबी मामा न्हवता, तवा शेजारचा गडी उसना बसवलात, तरी जावळ निघालंच की! पुढच्या नातवाला आमच्यातला एक न्या. आता सरका."

न्हाव्यानं हसू दाबत वस्तरा काढला. दौलतराव सरकला.