हरताळाखालचा शब्द

"पण बुवा, खरा शब्द सापडल्यावर दुसरा कशाला वाचायचा?"

विश्वंभरनं लॅपटॉप निवृत्तीबुवांच्या पुढ्यात सरकवला. मठातला हा शिष्य दोन वर्षं शहरात राहून जुन्या पोथ्यांचे फोटो काढायला शिकून आला होता. वेगवेगळ्या उजेडातले फोटो एकावर एक ठेवले, की झाकलेलं अक्षरही वर येतं.

मठाची पोथी मूळ स्वामींच्या हातची. तिच्यात एकाच शब्दावर हरताळाचा पिवळा लेप होता. लिहिलेलं बदलायचं, तर लेप लावून वर दुसरं लिहायचं, अशी तेव्हाची रीत.

लेपावर होतं, 'भुकेल्यास अन्न द्यावे.'

विश्वंभरनं बटण दाबलं. स्क्रीनवरचं पिवळं गेलं. खाली निघालं, 'भुकेल्यास ज्ञान द्यावे.'

"बघा! उद्या गावापुढं मी हेच वाचणार. परवापासून मठाची चूल बंद. तिथं वर्ग भरवू."

तांदूळ निवडणाऱ्या सगुणाबाईंचा हात थांबला.

"अगंबाई! आणि शाळेतनं येणाऱ्या चाळीस लेकरांना काय वाढू? तुझा ल्यापटाप?"

"मावशी, तुम्हाला नाही कळायचं ते."

बुवा स्क्रीनकडे बघत राहिले.

"वरचं अक्षर कुणाचं रे?"

"स्वामींचंच. वळण तेच, शाई तीच. मी तपासलंय."

"आणि खालचं?"

"तेही त्यांचंच. पण आधी जे सुचलं ते खरं, बुवा. नंतरचं काय, माणूस कुणाला तरी भिऊनही बदलतो."

बुवांनी कोनाड्यातला एक कोरा कागद काढून त्याच्यापुढं ठेवला.

"उद्या वाचणाऱ्याचं नाव दारावर लावायचंय. लिही. हातानं."

विश्वंभरनं झरझर लिहिलं. थांबला... एक शब्द खोडला. कागद परत दिला.

बुवांनी तो दाराच्या उजेडात धरला आणि अंगणात ऐकू जाईल असं वाचलं, "पंडित विश्वंभर!"

सगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. "आले बाई पंडित! पाट मांडू का?"

"अहो बुवा, 'पंडित' खोडलंय मी! नुसतं विश्वंभर वाचा."

"आधी तर तेच लिहिलंस."

"लिहिलं..."

"मग? कुणाला भ्यालास?"

"कुणाला नाही." विश्वंभरची मान खाली गेली. "लाज वाटली."

बुवांनी लॅपटॉप अलगद मिटला.

"स्वामींनाही वाटली होती."