सत्तावीस जुलैचं पान

"आणि सत्तावीस जुलैले?" उदेभान बाबांनी विचारलं.

गायधने सर थबकले. हा प्रश्न त्यांना हवाच होता, पण बाबा इतक्या लवकर विचारतील असं वाटलं नव्हतं.

सर म्हणजे साधीसुधी असामी नव्हे. अकरा वर्षं दप्तरं चाळून त्यांनी एकहाती तालुक्याचा दिनविशेष जमवला होता. कोणत्या तारखेला कुठलं गाव जळालं, कुठला पूल वाहून गेला, कुठे सत्याग्रह झाला... तुम्ही तारीख सांगा, सर घटना सांगणार. रविवारी मंत्र्यांच्या हस्ते पुस्तकाचं प्रकाशन होतं. गावभर फलक लागले होते. छापखाना फक्त एका पानासाठी थांबला होता.

ज्या मठात बाबांनी त्यांना अ आ ई शिकवली, तिथेच ते आज छापलेल्या पानांचा गठ्ठा घेऊन बसले होते. या मठाला दार नाही. सरांनी त्यावरही लिहिलं होतं, 'सर्वांसाठी अहोरात्र खुलं राहण्याची थोर परंपरा.' ते वाचून बाबा नुसतेच हसले होते.

"ते पान कोरं आहे, बाबा. त्या तारखेला आपल्याकडे कधी काही घडलंच नाही."

"काहीच नाही?"

"म्हणजे... तसा माझा जन्म त्याच तारखेचा. पण आपल्याच हातानं कसं लिहावं? तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यानं सुचवलं तर..."

खरी गोम इथे होती. स्वतःची आरती स्वतः ओवाळायची नाही, म्हणून सर ताट गुरूच्या हाती द्यायला आले होते. चार ओळी लिहून तयार होत्या, खिशात.



"लिही, काहीच झालं नाही," बाबा म्हणाले.

सरांचा चेहरा पडला.

"तू जन्मला त्या खोलीले दार होतं?"

सरांनी मान खाली घातली. ही गोष्ट त्यांनी आजवर बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

"नव्हतं. आई सांगायची, दाराच्या जागी तिचं लुगडं टांगलं होतं. इतकी गरिबी होती, बाबा. लाज वाटते."

"गरिबी?" बाबा काठी घेऊन उठले. "चाल."

वैशाखातलं ऊन होतं. मठामागचं तळं तळाशी गेलं होतं. बाबा पाळीवर, तळ्याच्या मातीच्या बांधावर चढले, मधोमध थांबले आणि पाण्याच्या बाजूचा उतार काठीनं उकरू लागले.

मातीतून एक लोखंडी कडी वर आली. दाराची कडी.

सर गुडघ्यावर बसले. हातांनी माती सारली. सागाची फळी लागली. तिच्या शेजारी दुसरी. दुसरीला लागून तिसरी...

"तू जन्मला त्या दिवशी सकाळीच पाळ खचली," बाबा म्हणाले. "माती टाकावं तं वाहून जाय. खाली सारं गाव. मंग लोकाइनं घरची दारं उखडली. पहिलं दार तुह्या बापानं आणलं. तिकडं तुही माय कण्हत होती. दारं आडवी लावली, मागं माती लोटली, अन् दिवसभर पाठी लावून उभे राहिले सारे."

"आणि?"

"आणि काय? काहीच झालं नाही."

सरांच्या डोळ्यांसमोर गावातली घरं आली. चौकटी जुन्या, जाड सागाच्या, आणि दारं मात्र हलकी, मागाहून बसवलेली. पन्नास वर्षं रोज पाहिली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी गत.

"पण एकाही दप्तरात नोंद कशी नाही?"

"फुटलं असतं तं असती."

"आम्हाला कोणी सांगितलं का नाही?"

"दुसऱ्या दिवशी धानाची रोवणी होती."

सर उठून उभे राहिले. त्यांनी खिशातल्या चार ओळी काढल्या, फाडल्या आणि तुकडे परत खिशात ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि तरी छाती अशी फुगली होती की सदरा तोकडा पडावा. ही फुगण्याची तऱ्हा त्यांना नवीन होती.

"रविवारी सांगतो, बाबा. मंत्र्यांसमोर, माइकवर. माझ्या जन्माच्या वेळी आमच्या घराला दार नव्हतं, असं ओरडून सांगतो!"

बाबा काठीनं माती परत फळ्यांवर लोटू लागले.

"फक्त एक सांगा," सर म्हणाले. "साऱ्या गावानं मागाहून नवी दारं बसवली. मग मठाला दार का नाही?"

"हाये ना, बाप्पा," बाबा म्हणाले. "तू त्याच्यावरच उभा हायेस."