ज्या लग्नाला बदाम पडला नाही

एका गावात एक भोळा फोटोग्राफर होता. गावात फोटोग्राफर तो एकटाच आणि भोळाही तो एकटाच, त्यामुळे दोन्ही कामं त्याच्यावरच पडत. नाव भागवत. कुणी काही शिकवलं की तो ते मन लावून ऐके, पक्कं लक्षात ठेवी, आणि भलत्याच ठिकाणी वापरी.

भागवतच्या वडिलांची, म्हणजे दादांची, पिठाची गिरणी होती. पोराने गिरणीत बसावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण भागवतने स्टुडिओ काढला होता आणि त्याच्या गळ्यात कायम कॅमेरा असे.

त्याची बायको मोहिनी घरात नवीन होती. बोलायची कमी, बघायची जास्त. गिरणीवाल्याची बायको व्हायला तिची ना नव्हती. पण दादांना ताप आला होता तेव्हा भागवत गिरणीत बसला, ते तिने पाहिलं होतं. भुवया पांढऱ्या, मान खाली, तोंडातून शब्द नाही. आणि कॅमेरा गळ्यात आला की हाच माणूस अंगणातल्या शेळीला सांगायचा, "ताई, हनुवटी जरा वर." मोहिनीला शेळीशी बोलणारा नवरा बरा वाटे.

तर झालं असं, की गिऱ्हाइकांना आता फोटो पाकिटात नको होते. मोबाईलवर हवे होते. भागवत विलास मोबाईलवाल्याच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "मला फोटो ठेवायला इंटरनेटवर एक जागा दे."

"कसली देऊ?" विलास म्हणाला. "फुकटची आहे, कुलपाची आहे, बदामाची आहे."

"फुकटची दे."

फुकटच्या जागेवर फोटो टाकले की साऱ्या जगाला दिसत. पहिलं काम आलं अडसूळ गुरुजींकडचं. त्यांच्या मुलाचा साखरपुडा, अगदी घरच्या घरी. भागवतने सगळे फोटो फुकटच्या जागेवर चढवले.

सकाळपर्यंत गावाने ते पाहिले. ज्यांना बोलावलं नव्हतं त्यांना कळलं, की आपल्याला बोलावलं नव्हतं. आणि गुरुजींनी शाळेत कळवलं होतं, की कंबर धरली आहे, उठवत नाही. हेडमास्तरांनी मोबाईलवर तीच कंबर ढोलाच्या तालावर हलताना पाहिली.

गुरुजी तरातरा आले. कंबर अगदी ठणठणीत होती.

"अरे शहाण्या, घरातलं घरात राहावं! कुलूप लाव फोटोंना, कुलूप! बाहेरच्या माणसाच्या नजरेला पडता कामा नये!"

"आता कळलं," भागवत म्हणाला, आणि विलासकडून कुलपाची जागा घेऊन आला.

मोहिनीने तव्यावरची भाकरी उलटली.

दुसरं काम उत्तमशेठचं. त्यांनी फाट्यावर मिसळीचं नवं हॉटेल टाकलं होतं. भागवतने मिसळीचे असे फोटो काढले की बघूनच ठसका लागावा. मग ते कुलपाच्या जागेत ठेवले आणि वर लांबलचक पासवर्ड घातला.

उत्तमशेठ गल्ल्यावर बसून माश्या मारत राहिले. शेवटी मारायला माश्याही उरल्या नाहीत, तेव्हा ते स्टुडिओत आले.

"भागवत, माझ्या मिसळीचे फोटो कुठं आहेत रे?"

"एकदम सुरक्षित आहेत शेठ. कुलपात."

"मग मला का दिसत नाहीत?"

"तुम्हाला कसे दिसतील? पासवर्ड माझ्याकडं आहे."

"आणि गिऱ्हाइकांना?"

"शेठ," भागवत छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाहेरच्या एका माणसाची नजर पडू दिली नाही तुमच्या मिसळीवर!"

उत्तमशेठनी कपाळावर हात मारला. "अरे, मिसळ म्हणजे काय माझी घरातली सून आहे? दिसेल त्याला पाठव! ओळखीच्याला पाठव, बिनओळखीच्याला पाठव! आणि खाली ठळक लिही, सकाळी आठपासून गरमागरम, घरपोच मिळेल!"

"आता कळलं," भागवत म्हणाला.

मोहिनीने भाकरी उलटली. ही जरा करपली.

तिसरं काम कौसाबाईंचं. त्यांच्या एकुलत्या एक मुलासाठी स्थळं बघायची होती. मुलाला नवा शर्ट घालून, भांग पाडून स्टुडिओत आणला. भागवतने त्याला उभा, बसलेला, गुलाबाचा वास घेताना, असा सगळ्या बाजूंनी काढला. मग दिसेल त्याला पाठवला. ओळखीच्याला, बिनओळखीच्याला, गॅसच्या टाकीवाल्याला. आणि खाली ठळक लिहिलं, 'सकाळी आठपासून गरमागरम. घरपोच मिळेल.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला कौसाबाईंच्या दारात एक जीप उभी राहिली. पाठोपाठ दुसरी. पाच एकर ऊस आणि एकच पोरगी असलेले बाप त्यातून उतरले.

"मुलगा घरपोच देताय असं कळलं," त्यातला एक म्हणाला. "घरजावई मिळत नाही हो आजकाल. आम्हीच घेऊन जातो, तुम्हाला कशाला त्रास?"

कौसाबाई लाटणं घेऊनच स्टुडिओत शिरल्या.

"मेल्या, माझं एकुलतं एक पोरगं वाटायला काढलंस! आणि फोटो तरी कसला पाठवलास? डोळे मिटलेला! त्यांना वाटलं आंधळा आहे म्हणून देताहेत! आधी सगळे फोटो दाखवायचे असतात! आपल्याला जो आवडेल त्यावर बदाम टाकायचा. बदाम पडेल तो ठेवायचा, बाकीचे पुसून टाकायचे!"

"आता कळलं," भागवत म्हणाला, आणि विलासकडची तिसरी, बदामाची जागा घेऊन आला. तिच्यात फोटोखाली एक छोटा बदाम असे. बोट लावलं की तो लाल होई.

त्या रात्री जेवताना दादा म्हणाले, "भागवता, आता पुरे. आबासाहेबांच्या पोरीच्या लग्नाचं काम तू धरलंयस, तेवढं कर. ते नीट झालं तर स्टुडिओ तुझा, मी गिरणीचं नाव काढणार नाही. ते बिघडलं तर कॅमेरा विकायचा आणि गिरणीत बसायचं."

आबासाहेब म्हणजे कोंबड्यांच्या शेडवाले. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान. लग्न एकुलत्या लेकीचं, अश्विनीचं.

मोहिनीने पहिल्यांदाच भाकरी तव्यावर तशीच ठेवून तोंड उघडलं. "अहो, ऐका. आजवर लोकांनी जे जे सांगितलं ते सगळं विसरा. कुलूप नको, घरपोच नको. आबासाहेबांना विचारा, फोटो कुणाला पाठवू. ते म्हणतील तसं करा."

"आता कळलं," भागवत म्हणाला. तव्यावरची भाकरी पार करपली होती.

भागवतने विचारलंही. पण लग्नघटका जवळ आलेली, आबासाहेबांच्या एका कानाशी फोन, दुसऱ्या कानाशी आचारी. ते म्हणाले, "तुझं तू बघ रे बाबा! माझे पाहुणे खूश झाले पाहिजेत, बस्स."

लग्न थाटात झालं. नवरा-नवरी देवदर्शनाला गेले, डोंगरातल्या कुलदैवताला. तिथे मोबाईलला रेंज नाही. मोहिनीच्या माहेरची जत्रा होती, तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. भागवतला विचारायला कुणी उरलं नाही. त्याने जे आधी कळलं होतं तेच सगळं एकत्र केलं. लग्नाचे फोटो बदामाच्या जागेत ठेवले आणि लिंक एकूण एक पाहुण्याला पाठवली, की आवडेल त्यावर बदाम टाका, बाकीचे पुसण्यात येतील.

पाहुण्यांनी बदाम टाकले. ज्याने त्याने आपापल्या फोटोवर टाकले. स्टेजवरच्या फोटोंत नवरा-नवरी मधोमध छान होते, पण पाहुणे कडेला अर्धे कापलेले. आपल्या अर्ध्या तोंडाला बदाम कोण टाकतो?

भागवतने बदाम पडलेले फोटो ठेवले, बाकीचे पुसले, आणि मखमली पुठ्ठ्याचा जाडजूड अल्बम करून आबासाहेबांकडे नेला. मोहिनी त्याच सकाळी माहेरून परतली होती, तीही बरोबर गेली.

आबासाहेबांनी चष्मा लावला. पहिलं पान उघडलं. पानभर आचारी, हातात जिलबीचं ताट.

"हा पहिल्या पानावर कसा?"

"सगळ्यात जास्त बदाम त्यांना पडले."

आबासाहेबांनी पान उलटलं. व्याही झोपलेले. पुढे मेव्हणे पान खाताना. पुढे एक बाई, तिच्या हातात दुसऱ्याचं पोर, पोराच्या हातात तिसऱ्याची चप्पल. आबासाहेब भराभर पानं उलटू लागले.

"नवरी कुठाय?"

"नवरीला बदाम पडला नाही, आबासाहेब."

"माझ्या अश्विनीला?"

"एकही नाही. मीही वाट बघितली."

"आणि जावई?"

"जावयांना एक पडला होता. पण तो बोट लागून चुकून पडला, असं त्यांच्या आत्याने मागाहून कळवलं."

मोहिनीने पदर तोंडात कोंबला. हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच समजत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या भुवया दिसू लागल्या.

"बाकीचे फोटो?" आबासाहेबांचा आवाज चिरकला.

"पुसले. तशी रीतच आहे."

आबासाहेबांनी अल्बम आपटला. "अरे गाढवा, हे बघून या मांडवात लग्न झालं असं कोण म्हणेल? जेवणावळ झाली म्हणतील! आता काय करू? परत लग्न लावू? बोलावू सगळ्यांना परत? बोलाव! बोलाव, आणि लाव परत लग्न!"

भागवतने क्षणभर विचार केला.

"आता कळलं," तो म्हणाला.

मोहिनी घरी आली ती थेट दादांपुढे उभी राहिली. "मामंजी, आबासाहेब रागावलेत, पण मी त्यांच्या बायकोला, मावशींना, भेटून येते, समजूत घालते. रविवारपर्यंत कॅमेरा विकू नका." एवढं लांब वाक्य सुनेच्या तोंडून दादांनी पहिल्यांदाच ऐकलं. ते नुसतेच "बरं" म्हणाले.

पण रविवारी सकाळी मोहिनी आबासाहेबांच्या घरी पोचली, तर फाटकाशी ही गर्दी! ट्रॅक्टर, टेंपो, मोटारसायकली. फेटे बांधलेले पुरुष, नऊवारीतल्या आज्या, तीच पोरं, त्याच चपला. आणि आबासाहेब पायरीवर बनियनवर उभे, तोंडात दातांचा ब्रश.

"आबासाहेब, नमस्कार," एक फेटेवाला पुढे होऊन म्हणाला. "मेसेज मिळाला. वाईट वाटलं हो."

त्याने मोबाईल पुढे केला. मोहिनीने टाचा उंचावून वाचलं. 'सप्रेम नमस्कार. आबासाहेबांच्या मुलीचं लग्न नीट आलं नाही. तरी तेच लग्न रविवारी परत काढण्यात येईल. मागच्या वेळी जे जिथे बसले होते, त्यांनी तिथेच बसावं.'

दारात आलेल्या माणसाला उपाशी परत पाठवणं आबासाहेबांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. त्यांनी ब्रश काढला, चूळ भरली आणि दबक्या आवाजात बायकोला म्हणाले, "आचाऱ्याला फोन लाव."

"तो आलाय," बायको म्हणाली. "आल्याआल्या विचारतोय, आज पण पहिल्या पानावर ना?"

तासाभरात जिलबीचा वास सुटला. मांडव नव्हता, तर लोक कोंबड्यांच्या शेडच्या सावलीत बसले. एका लग्नाला दोनदा जेवायला घालणारा यजमान कुणी पाहिला नव्हता. आबासाहेबांचा असा जयजयकार चालला, की रागवायचं कुठल्या बाजूने सुरू करावं तेच त्यांना कळेना. एका पाहुण्याने तर भागवतचा नंबर लिहून घेतला. त्याच्या पोराचं लग्न दिवाळीनंतर होतं, आणि एका लग्नाच्या पैशांत दोन होत असतील तर हाच फोटोग्राफर बरा, असं त्याचं मत पडलं.

तेवढ्यात दादा आले. कॅमेरा काढून घ्यायलाच आले होते. त्यांनी गर्दी बघितली, मेसेज वाचला, पायरीवर सुन्न बसलेले आबासाहेब बघितले. मग शेडच्या दुसऱ्या टोकाला, एका म्हातारीला "हनुवटी जरा वर" म्हणणारा आपला मुलगा बघितला.

"सूनबाई," दादा हळूच म्हणाले, "कॅमेरा राहू दे त्याच्याकडंच."

"खरंच, मामंजी?"

"मग काय करू? गिरणीत बसवला आणि एखादी बाई रागाने म्हणाली, की हे असलं पीठ नको, माझी ज्वारी मला परत दे, तर हा पोरगा रात्रभर पिठाची ज्वारी करत बसेल."

मोहिनीने डोक्यावरचा पदर नीट केला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती सासऱ्यांसमोर मोठ्याने हसली.

इकडे आबासाहेबांना एकदम काहीतरी आठवलं. ते ताडकन उठले.

"भागवत! अरे, हे सगळे आले, पण नवरा-नवरी कुठायत? ते तर देवाला गेलेत!"

"त्यांची काळजी करू नका," भागवत म्हणाला. "रेंजमध्ये आल्या आल्या त्यांना पहिला माझाच फोन गेला. सांगितलं, तुमचं लग्न काही जमलं नाही, ते आम्ही काढून टाकलंय. आता वेगवेगळ्या गाड्यांनी आपापल्या घरी या. नवरीने माहेरी यायचं. लग्नाआधी असं बरोबर फिरणं बरं दिसत नाही, आबासाहेब."

आबासाहेब पायरी उतरायच्या आत फाटकाशी रिक्षा थांबली. अश्विनी बॅग घेऊन एकटीच उतरली. डोळे लाल, नाक लाल, हातावरची मेंदी अजून ताजी. ती धावत आली आणि वडिलांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागली.

"आबा, असं काय झालं हो? माझं काय चुकलं?"

भागवत लगबगीने पुढे आला. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला, आणि समजुतीच्या सुरात म्हणाला,

"ताई, आत्ताच नका रडू. पाठवणी संध्याकाळी आहे."