डनेलिशच्या उंबरठ्यावरचा विस्तव

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑरन नावाच्या सरोवराच्या काठी डनेलिशचा टॉवर आहे. टॉवर म्हटलं म्हणून डोळ्यांसमोर मनोरा आणू नका. ते एका सरदाराचं उंच, जाड भिंतींचं दगडी घर. छप्पर कधीच गेलं, जिन्यात गवत वाढलं, आणि शेजारच्या मठाच्या तर नुसत्या कमानी उरल्या आहेत. फोटोसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. आपली मंडळी तिथे गेली की आधी कमानीत उभं राहून फोटो, मग खिडकीत बसून फोटो, आणि बस सुटायच्या वेळी कुणाला तरी आठवतं की या जागेचा काही इतिहास असेल.

दाराशी मात्र कुणी थांबत नाही. तिथे उंबरठ्याचा रुंद दगड आहे आणि त्याच्या मधोमध तव्याएवढा काळा डाग आहे. तिथला पाऊस काही कमी नाही, पण डाग धुतला जात नाही. टॉवरची राखण करणारा ह्यूई मॅकफेल हा म्हातारा मोजकंच बोलणारा. मिरजेच्या सुलभाताई गोगटे यांनी कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचा एक पाय नेमका त्या डागावर रोवला, तेव्हा तो जवळ आला आणि म्हणाला, "बाई, तेवढा पाय बाजूला घ्या." ताईंनी तो घेतला आणि कारण विचारलं. मग त्याने जे सांगितलं ते हे.

फार पूर्वी या घरात मार्सली नावाची एक बाई विस्तव सांभाळायची. त्या थंड मुलुखात चूल विझू देत नसत. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी राख सारून पुन्हा फुलवायचे. आपल्याकडेही जुन्या बायका हेच करत. डनेलिशचा विस्तव सात पिढ्यांत विझला नव्हता असं सांगतात. मार्सलीचे हात इतके सरावलेले की ती बोटांनी निखारा उचलून ठेवायची. तिचा नवरा वारला होता. मुलगा अलास्टर सरदाराच्या पदरी होता, आणि मुलगी इशबेल सरोवराच्या पलीकडे एका कोळ्याच्या घरी दिलेली होती.

त्या वर्षी सरदार आपली माणसं घेऊन लढाईवर गेला. अलास्टरही गेला. थंडी पडली तरी कुणाचा निरोप आला नाही. घरात मागे राहिल्या त्या बायका. त्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत खिडकीशी बसायच्या आणि एकमेकींशी फारसं बोलायच्या नाहीत.

आता त्या मुलुखात एक रीत होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही. दिला तर घराचं वर्षाचं दैव त्याच्याबरोबर जातं आणि बाहेर गेलेलं घरचं माणूस परत येत नाही. एरवी शेजारणीला निखारा द्यायला कुणी मागेपुढे पाहत नसे. पण त्या दिवशी प्रत्यक्ष भावालासुद्धा नाही.

नेमक्या त्याच सकाळी इशबेल आली. वादळाने तिच्या घराचं छप्पर उडालं होतं. चुलीत बर्फ पडून ती विझली, चकमकीचा कापूस भिजला. घरात तान्हं मूल होतं, सासूने ते आपल्या अंगाशी धरून ठेवलं होतं. होडी वल्हवून इशबेलच्या हाताची सालटी निघाली होती. झाकणाचं मडकं तिने उंबरठ्यावर ठेवलं. गावात आज कुणी विस्तव देणार नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती आईकडे आली होती.

"आई, दोन निखारे दे. पोर निळं पडायला लागलंय."

मार्सली उठली. तिच्यामागे खिडकीशी बसलेल्या सगळ्या बायका वळून बघत होत्या. त्यांचे नवरे, त्यांचे भाऊ, आणि तिचा अलास्टर, सगळेच बाहेर होते.

"पोराला इकडे घेऊन ये," मार्सली म्हणाली.

"या वाऱ्यात ते पाण्यावर टिकायचं नाही."

"मग दिवस मावळेपर्यंत थांब. मावळला की मी स्वतः घेऊन येते. हवं तेवढं घेऊन येते."

इशबेलने आईकडे नुसतं पाहिलं. भांडली नाही, हातापाया पडली नाही. मडकं उचललं आणि होडीकडे गेली. मार्सली दारात उभी राहिली. हाक मारावी असं तिला फार वाटलं, पण तिने मारली नाही.

दिवस मावळताच ती मडकंभर निखारे घेऊन पाणी ओलांडून गेली, म्हणे. दार सासूने उघडलं. आत दिवा नव्हता. इशबेल भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि मांडीवरचं गाठोडं हलत नव्हतं.

यापुढची गोष्ट सांगताना ह्यूई पाण्याकडे बघत होता.

बर्फ वितळलं आणि माणसं परत आली. सगळी आली. सरदार आला, अलास्टर आला, एक लंगडत आला पण आला. गायी व्यायल्या, जव भरघोस पिकला. रीत खरी ठरली होती. बायकांनी मार्सलीचे हात हातात घेतले, घराचं दैव तिने राखलं म्हणून. सरदाराने तिला जेवायला स्वतःच्या शेजारी बसवलं. ती बसली, समोरचं जेवली, विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं. मुलाला मिठीत घेतलं तेव्हा आनंद व्हायला हवा हे तिला कळत होतं, पण होत नव्हता. रडूही येत नव्हतं. निखारा उचलताना बोट भाजून फोड यायचा, तो तिला दुसऱ्या कुणीतरी दाखवावा लागायचा.

पुढच्या वर्षाचा पहिला दिवस आला तेव्हा ती उठली, चुलीतले उत्तमातले निखारे काढले आणि उंबरठ्याच्या दगडावर उघड्यावर नेऊन ठेवले. घरात एकच गलका झाला. सरदाराचा कारभारी धावत आला. "मार्सली, तुला वेड लागलंय का? आता यंदा घरातलं कोण जाणार?"

"जायचं ते गेलं," ती म्हणाली, आणि दाराच्या आतल्या बाजूला, बाहेर पाठ करून बसली. विस्तव नेणाऱ्याला मागावं लागू नये आणि आपलं तोंडही बघावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

कुणी आलं नाही. अशा अपशकुनी विस्तवाला कोण हात लावणार. निखारे दगडावरच विझले. दर वर्षी ती ठेवायची, दर वर्षी ते विझायचे, आणि दगड काळा पडत गेला. त्यापायी त्या घरात कुणी मेलं असं मात्र ऐकिवात नाही. इशबेल तर आईशी बोलतच नव्हती. तिला पुढे आणखी मुलं झाली, तिची चूल चांगली पेटती होती, तिला कुणाच्या विस्तवाची गरज नव्हती.

मार्सली म्हातारी झाली. शेवटच्या वर्षी अलास्टर आणि त्याच्या बायकोने धरून तिला दाराशी बसवलं, असं सांगतात. दुपार कलल्यावर बाहेर पावलं वाजली. कुणीतरी दगडापाशी खाली बसलं आणि मडक्याचं झाकण काढल्याचा आवाज झाला. मार्सलीने तो आवाज ओळखला. तिने वळून पाहिलं नाही. झाकण पुन्हा बसलं, तरी पावलं लगेच गेली नाहीत. दोघी तशाच होत्या, एक आत, एक बाहेर. मग पावलं होडीकडे गेली. मार्सलीने हात पुढे धरले आणि सुनेला म्हणाली, "बोटं भाजल्येत गं. फार दुखतंय." सून घाबरून लोणी आणायला धावली, तेव्हा म्हातारी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा रडत होती.

आजही डनेलिश गावात वर्षाच्या पहिल्या सकाळी प्रत्येक घर उंबरठ्यावर निखारे ठेवतं आणि घरची माणसं दाराकडे पाठ करून बसतात. आता घरोघरी हीटर आहेत, तरी कुणी ना कुणी येऊन नेतंच. कोण नेतं हे बघायचं नाही आणि विचारायचंही नाही. सुलभाताईंनी विचारलं, त्या दिवशी आलं तर फोटो काढता येईल का.

"या की," ह्यूई म्हणाला. "चांगल्या जागी बसवतो. पण आमच्यासारखंच पाठ करून बसावं लागेल."