वाटाण्याएवढी मुकादमीण

एका जासुदाच्या डोक्यात, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी एक मुकादमीण राहत होती. जासुदाला तिचा पत्ताच नव्हता. राजाचे निरोप घेऊन तो गावोगाव धावे आणि सगळी करामत आपल्या पायांची, असं समजे.

मुकादमिणीचं नाव पीयूषिका ग्रंथी. ती सारखी रक्ताची चव बघे. बळ देणारा रस कमी वाटला, की खाली हाक मारी, "उठा गं पोरींनो!" मग मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोघी ग्रंथी उठत आणि रस गाळू लागत. रस पुरेसा झाला, की ही गप्प. उगाच बडबडायची तिला खोड नव्हती.

पुढे जासुदाचे गुडघे धरले. बाजारात एका फिरत्या औषधवाल्याने त्याला पुड्या दिल्या. पुडीत तसलाच रस होता, आयता. दुखणं पळालं, म्हणून तो रोज पुडी घेत राहिला. मुकादमिणीने चव घेतली, तर रस भरपूर! ती गप्प बसली. पावसाळा गेला, हिवाळा गेला, हाक काही गेली नाही. खालच्या दोघी झोपून झोपून सुकल्या.

जासुदाचं तोंड मात्र सुजलं. "या पुड्यांनीच घात केला," म्हणत तो नदीकडे निघाला.

"अहो, आधी वैद्यबुवांना विचारा तरी," बायको म्हणाली.

"सोडायचं म्हणजे सोडायचं! मी काय लेचापेचा आहे?" त्याने सगळ्या पुड्या पाण्यात फेकल्या.

मुकादमीण हाका मारू लागली, पण तिचा आवाज फुटेना आणि दोघींना उठवेना. निरोप घेऊन निघालेला जासूद वाटेतच कोसळला. अंग गार, नाडी सापडेना. बायकोने रडत वैद्यबुवांना आणलं. त्यांच्याकडे तसलंच औषध होतं. ते पोटात गेलं, तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.

"पुन्हा तेच?" जासूद चिडला.

"तेच. पण हळूहळू कमी करत जायचं. आतली माणसं झोपलीत बाबा. उणीव भासली, की उठतील. एकदम उठवायला गेलास, तर तूच मरशील."

"अन् माझी नोकरी?"

"ती जाईल. जीव राहील."

नोकरी खरंच गेली. दुसरा जासूद दारावरून धावत जाई, तेव्हा याला रडू येई. पण औषध तो सांगितल्याप्रमाणेच कमी करत राहिला. शेवटी एके सकाळी काहीही न घेता तो उठला आणि बायकोच्या हातातली घागर घेऊन विहिरीकडे गेला. सावकाशच गेला, पण स्वतःच्या बळावर गेला.

तात्पर्य: आयतं मिळालं, की कामाचे हात झोपी जातात, आणि झोपलेल्या हातांना जाग यायला वेळ द्यावा लागतो.